ऐनवेळचे विषय

भाषणाची कसलीही पूर्वतयारी न करता केवळ स्फूर्तीच्या बळावर तासभर बोलणारा वक्ता अशी आमच्या तालुक्यात माझी जी ख्याती आहे, ती राखण्यासाठी मला किती आधीपासून आणि किती बारकाईने तयारी करावी लागते, याची कल्पना माझी पत्नी आणि आमच्या न्हाणीघराच्या खिडकीखाली राहणारे शेजारी यांच्याखेरीज कोणालाही नाही. पत्नी हे गुपित पातिव्रत्यापोटी सांभाळते अशी माझी समजूत होती; परंतु मध्यंतरी तिने बोलता बोलता सांगितले की, लोकांना मुद्दाम जाऊन सांगावे असे त्यात काही आहे, हे तिला कधी जाणवलेच नव्हते.

माझी रीत अशी. निमंत्रण येताच मी भाषण आरंभापासून आभारापर्यंत लिहून काढतो, ते मुखोद्गत करतो आणि मग ज्या कामाला खरे कसब लागते त्या कामाला, म्हणजे ते विस्कटण्याच्या कामाला, लागतो. पाठ झालेले भाषण परीटघडीच्या धोतरासारखे कडक उभे राहते. चारचौघांत नेसण्यापूर्वी ते थोडे चुरगळून घ्यावे लागते. म्हणून सोयीच्या जागा पाहून मी अडखळण्याची तजवीज करतो. एका ठिकाणी मला नेमका शब्द आठवत नाही. मी छताकडे पाहतो, चष्मा काढतो, हवेत दोन बोटे चोळतो, आणि पहिल्या रांगेतील कोणी सेवानिवृत्त मुख्याध्यापक कळवळून तो शब्द मला पुरवितात. हा शब्द कोणता असावा हे मी आधीच मुक्रर केलेले असते, तो त्यांना सुचावा म्हणून मागल्या दोन वाक्यांत त्याची पेरणीही केलेली असते, आणि ‘वा! हाच तो शब्द!’ असे मी उद्गारतो तेव्हा मुख्याध्यापकांच्या मुद्रेवर जे समाधान पसरते, त्याच्या जोरावर पुढील वर्षाचे निमंत्रण पक्के होते. ‘आत्ताच इकडे येताना रिक्षात मनात एक विचार आला’ हेही वाक्य माझ्या भाषणात हमखास असते. तो विचार बहुधा मागल्या दिवाळीच्या सुमारास आलेला असतो, आणि तोही रिक्षात नव्हे. पण सर्वांत अधिक मेहनत मी घेतो ती ‘मी काही तयारी करून आलेलो नाही’ या आरंभीच्या वाक्यावर. महिला मंडळात ते विनयाने म्हणावे लागते, व्यापारी मंडळींपुढे बेफिकिरीने, आणि महाविद्यालयात किंचित धमकीवजा, कारण तेथे श्रोतेही तयारीने आलेले नसतात.

ज्याची उभी हयात मुलकी खात्यात गेली, जेथे जावक क्रमांक पडल्याशिवाय कोणी शिंकतदेखील नाही, अशा माणसाला तयारी नसण्याचे एवढे आकर्षण का असावे, हा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर माझ्या टेबलावरील इंग्रजी विरुद्धार्थी शब्दांच्या कोशात आहे. हा ग्रंथ मी अधूनमधून कादंबरीसारखा वाचतो. ‘प्रिपेअर’ म्हणजे तयारी करणे, या सरळमार्गी क्रियापदाच्या विरुद्ध बाजूस त्यात जे शब्द उभे आहेत, त्यांच्या स्पष्ट दोन जाती दिसतात. पहिल्या जातीत ‘निग्लेक्ट’, ‘इग्नोर’, ‘डिसऑर्गनाइझ’ अशी मंडळी आहेत. हे सर्व शब्द कारकुनाच्या गोपनीय अहवालात शोभण्यासारखे, पगारवाढ रोखून धरणारे. दुसऱ्या जातीत ‘इम्प्रोव्हाइझ’, ‘एक्स्टेंपोराइझ’, ‘ॲड लिब’ अशी लॅटिन घराण्यातील, ऊठबस थोरामोठ्यांत असलेली मंडळी. वास्तविक दोन्हीकडे गुन्हा एकच, तयारी न करणे; परंतु तोच गुन्हा खालच्या मानेने केला तर हयगय ठरते आणि मान वर करून केला तर प्रतिभा. दरमहा हयगयीचे खुलासे लिहिण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याला वरच्या मानेचा मोह पडला, तर त्यात आश्चर्य ते काय?

तथापि खात्याची सवय सुटत नाही. कोणाचेही कूळ काढल्याशिवाय त्याच्यावर विश्वास टाकावयाचा नाही, या न्यायाने मी या कुलीन शब्दांची एकेक करून जबानी घेतली, आणि जे उघडकीस आले त्याने मी प्रथम थक्क झालो व नंतर अत्यंत आश्वस्त झालो. ‘इम्प्रॉम्प्टू’ हा शब्द घ्या. पियानोवर सहज सुचलेल्या वाटणाऱ्या रचनेला हे नाव देतात, आयत्या वेळच्या भाषणालाही देतात. हा फ्रेंचांच्या घरून इंग्रजीत आला, आणि फ्रेंचांनी तो घेतला लॅटिन ‘इन प्रॉम्प्टू’ या पदावरून. ज्याचा अर्थ आहे सज्ज, हाताशी, तयार! म्हणजे बिनतयारीच्या या म्होरक्याने आपल्या जन्मदाखल्यावर तयारी हेच नाव लावलेले आहे. एवढेच नव्हे, रंगभूमीच्या आडोशाला उभा राहून नटाला वाक्ये पुरविणारा जो ‘प्रॉम्प्टर’, तो याचा सख्खा भाऊबंद. दोघांचे मूळ एकच. बाहीवरून बोलणे, ‘ऑफ द कफ’, ही अमेरिकेत रूढ झालेली म्हण तर आणखी बेरकी. कडक खळ दिलेल्या बाहीच्या टोकावर मुद्दे टिपून ठेवावेत आणि बोलताना हातवारे करण्याच्या मिषाने ते वाचावेत, यावरून ती आली असे सांगतात. जुन्या काळच्या नटांची ‘विंग’ मारून नेण्याची इंग्रजी बोलीही याच पंथाची: भूमिका पाठ नसता रंगमंचावर जावयाचे, आणि विंगेच्या पडद्याआड दडलेल्या माणसाची कुजबुज ऐकत वेळ निभावून न्यावयाची. ‘एक्स्टेंपोर’ आणि ‘ॲड लिब’ यांच्या घरझडतीत मात्र आक्षेपार्ह असे काही सापडले नाही. पहिला केवळ काळातून उपजलेला आणि दुसरा मनाला येईल तसा वागणारा, असे दोघांनीही प्रामाणिकपणे सांगितले. त्यांना मी समज देऊन सोडले.

जे शब्दांचे तेच ते वापरणाऱ्यांचे. 22 एप्रिल 1904 रोजी विन्स्टन चर्चिल हा तिशीच्याही आतला सभासद कामगार संघटनांविषयी बोलण्यास कॉमन्स सभागृहात उभा राहिला. भाषण पाठ होते. पाऊण तास ते उत्तम चालले, आणि एका वाक्याच्या मध्यावर पुढचे सर्व एकाएकी पुसले गेले. त्याने खिसे चाचपले, शब्द शोधले, शेवटी सभासदांनी ऐकून घेतल्याबद्दल त्यांचे आभार मानले आणि तोंड ओंजळीत धरून तो खाली बसला. त्या दिवसापासून या गृहस्थाने आपल्या मोठ्या भाषणाचा शब्द न् शब्द कागदावर उतरवून, कवितेसारख्या ओळी पाडून, तो कागद हाती ठेवण्याचा परिपाठ धरला. आणि तरीही जगाला तो आठवतो हजरजबाबी म्हणून! आयत्या वेळची भाषणे तयार करण्यात या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली, असे त्याचा जिवलग मित्र एफ. ई. स्मिथ म्हणत असे, अशी आख्यायिका आहे.

त्याच्याही आधीचा, आणि माझ्या मते या विद्येचा मूळ पुरुष, म्हणजे नाटककार शेरिडन. वॉरन हेस्टिंग्जने अयोध्येच्या बेगमांचा जो छळ केला त्यावर 1787 साली पाच तासांहून अधिक बोलून त्याने पार्लमेंट हलवून सोडले. ते जाऊ द्या. शेरिडन 1816 साली वारला, आणि कवी टॉमस मूर याने 1825 मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे चरित्र लिहिण्यासाठी त्याची दफ्तरे उघडली, तेव्हा ज्या कोट्यांनी लंडनचे दिवाणखाने गडगडले होते त्या कोट्यांचे कच्चे खर्डे त्यात निघाले. एकेक कोटी दोनदोन, तीनतीन तऱ्हांनी घासून, पुसून, खोडून पुन्हा लिहिलेली. त्यातील एक कोटी अशी की, अमक्या गृहस्थाच्या हकीकती कल्पनेतून निघतात आणि विनोद स्मरणशक्तीतून. ही त्याने पुष्कळ दिवस जपून ठेवली आणि योग्य सावज समोर येताच पार्लमेंटात एका प्रतिपक्षीयावर सोडली. प्रतिस्पर्ध्याचे विनोद पाठ केलेले असतात असा आरोप, तोही पाठ करून आणलेल्या विनोदात! वाचून माझे डोळे पाणावले. मी त्याच रात्री माझ्या टिपणवह्या कुलपात ठेवल्या, आणि किल्ली कोठे ठेवली आहे हे मृत्युपत्रात लिहू नये असे ठरविले.

आता येथे विषयांतर करण्यावाचून मला गत्यंतर नाही. आणि हेच विषयांतर ‘सहज आठवले म्हणून सांगतो’ या सदराखाली मी सर्वत्र करतो, हे आमच्या तालुक्यातील श्रोत्यांनी कृपा करून येथे उघड करू नये. इंग्रजांच्या या शब्दांपैकी एकाचाही वारा लागलेला नसताना आमच्या सांगलीत बिनतयारीचा एक प्रचंड उद्योग उभा राहिला होता. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करण्याची आज्ञा केली आणि 1843 साली ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले, एवढे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. मला त्यात भूल पडते ती निराळ्याच गोष्टीची. भाव्यांनी पदे रचली. ती सूत्रधाराने आपल्या साथीदारांसह म्हणावयाची. परंतु पात्रांनी बोलावयाचे काय, हे लिहून देण्याच्या भरीस ते पडले नाहीत. पदाचा आशय ध्यानी घेऊन रामाने रामाला शोभेल असे आणि रावणाने रावणाला शोभेल असे आपापल्या जबाबदारीवर बोलावे, एवढाच काय तो करार.

हे दृश्य मी मनाशी पुष्कळदा उभे करतो. अंगाला झाडपाला गुंडाळलेला विदूषक सूत्रधाराशी हुज्जत घालून गेला आहे. गजानन येऊन अभय देऊन गेला आहे. सरस्वती मोरासह नाचून गेली आहे. मशालीवर राळेची मूठ पडून भपकारा उडतो, आणि तोंडाला रंग फासलेला राक्षस ‘अललल डुर्रर्र’ अशी आरोळी ठोकून लोकांच्या पुढ्यात उडी घेतो. आणि या आरोळीनंतर त्याने नेमके काय बोलावयाचे, हे पृथ्वीतलावर कोणालाही ठाऊक नाही, खुद्द त्यालाही नाही! ती आरोळी त्याने शक्य तितकी का लांबविली असेल, हे टाचण घरी विसरून ज्याने एकदा तरी ‘आजच्या या मंगल प्रसंगी’ असा सूर धरला असेल त्याला सांगावयास नको. पुढील विद्वानांनी या नाटकांना तागडथोम म्हणून हिणविले, आरोळीची टवाळी केली. माझे नम्र मत असे की, ‘अललल डुर्रर्र’ हे ‘अध्यक्षमहाराज आणि मित्रहो’ याचेच राक्षसी भाषेतील रूप होय. डोके चालू होईपर्यंत तोंड चालू ठेवणे, हा दोहोंचा हेतू एकच. आणि प्रामाणिकपणा पाहू गेल्यास राक्षसाचा अधिक, कारण त्याने ‘मित्रहो’ असे तरी म्हटले नाही.

या राक्षसांवर माझा इतका लोभ आहे की, त्यांच्या कामाचा मी थोडा हिशेबच मांडून पाहिला आहे. नट फार शिकलेले नसत. आख्यान तेच, पण गाव निराळे, प्रेक्षक निराळे. समोर बसलेला शास्त्री पुराणाचा दाखला चुकला की ‘हूं’ करणार, आणि मागे बसलेला मावळा युद्ध लांबले नाही तर उठून जाणार. या दोघांच्या मधून वाट काढीत कोणा एका रावणाने कोणा एका रात्री सीतेपुढे उभे राहून असे काही म्हटले असेल की, शास्त्रीबुवा ‘हूं’ करावयाचे विसरले असतील. काय म्हटले असेल? 1885 साली भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ छापून निघाला. त्यात पदे आहेत. रावणाचे बोलणे नाही. ते असणार कोठून? तोपर्यंत तर लिहिलेल्या नाटकांचे राज्य सुरू झालेले होते. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ 1861 सालचे. त्या लिहिलेल्या, पाठ करून करावयाच्या नाटकांना लोक ‘बुकिश’ नाटके म्हणू लागले. इंग्रज हा शब्द पुस्तकात तोंड खुपसून बसणाऱ्याला चिमटा काढण्यासाठी वापरतो; आम्ही तो नव्या कोऱ्या पगडीसारखा डोक्यावर घेतला. आणि तो रावण, ज्याच्या बाहीवर काही लिहिलेले नव्हते, कारण त्याला बाहीच नव्हती, तो पहाटे तोंड धुऊन, रंग उतरवून झोपी गेला. माझी सर्व उत्स्फूर्त भाषणे मात्र तारीखवार शिवून लाकडी कपाटात ठेवलेली आहेत, आणि त्यांना वाळवी लागू नये म्हणून मी दर पावसाळ्यानंतर ती उन्हात घालतो.

असो. विषयांतर पुरे.

हल्ली शाळांतून उत्स्फूर्त वक्तृत्वाच्या ज्या स्पर्धा भरतात, तेथे मला परीक्षक म्हणून पाचारण होते, ते माझ्या उपरिनिर्दिष्ट ख्यातीमुळेच. मुलाने डब्यातून चिठ्ठी उचलावी आणि दोन मिनिटांत बोलावयास उभे राहावे असा नियम. गेल्या खेपेस एका चुणचुणीत मुलाला ‘छत्री’ हा विषय आला. त्याने छत्री उघडली, तीत एक शेतकरी उभा केला, शेतकऱ्याला रायगडाच्या पायथ्याशी नेले, आणि तिसऱ्या वाक्याला तो शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या छत्रचामरांखाली सुखरूप पोहोचला. त्यानंतर छत्रीचा संबंध नव्हता. जे आले ते खड्या आवाजात, एका दमात, मास्तरांनी घोटून घेतलेले. पुढच्या मुलीला ‘मांजर’ आले होते. तीही मार्गात थोडी वळणे घेऊन रायगडावरच आली. दोघांनाही मी पहिला क्रमांक विभागून दिला. इतर परीक्षक कुरकुरले, पण ज्याने आपल्या हस्ताक्षरात तीच विद्या साधली आहे त्याने दुसरा निकाल द्यावा कसा?

इथवर हसण्याचा भाग झाला. ज्या बिनतयारीची मला मनापासून चीड येते ती मात्र निराळीच आहे, आणि तिला आपल्याकडे फार व्यवस्थित नाव आहे. कोणत्याही संस्थेच्या, पतपेढीच्या, नगरपालिकेच्या सभेची नोटीस काढून पाहा. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, हिशेबपत्रकांस मंजुरी देणे, अशी यथाक्रम कलमे येत जातात, आणि अगदी तळाशी, आभारप्रदर्शनाच्या डोक्यावर, एक कलम असते: ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा विचार करणे.’ ऐनवेळी काय येणार आहे हे कोणालाच ठाऊक नाही, परंतु ते येणार एवढे मात्र चांगले चौदा दिवस आधी छापलेले! मी हे कलम स्वतः शेकडो नोटिसांत लिहिले असल्यामुळे त्याचा कारभार जाणतो. सभा लांबलेली असते. बाहेर बटाटेवड्याचा वास सुटलेला असतो. सभासदांचे एक पाऊल चपलेत शिरलेले असते. त्या क्षणी मागल्या रांगेतून एक गृहस्थ, आत्ताच सुचल्यासारखे कपाळावर हात मारीत, उठतात आणि खिशातून ठराव काढतात. तो टंकलिखित असतो, तीन प्रतींत असतो, आणि अनुमोदकाच्या नावाची जागादेखील रिकामी नसते.

आमच्या येथील एका संस्थेच्या आवारात वाचनालयामागे एक मोकळी जागा होती. तेथे मुले विटीदांडू खेळत. कडुनिंबाखाली म्हातारी माणसे बसत. ती जागा गाळे बांधण्यासाठी देण्याचा ठराव असाच, वड्यांच्या वासात, ‘एकमताने मंजूर’ झाला. त्या सभेत मी हजर होतो. ठराव वाचला जात असता मला एवढेच जाणवले की, ठराव मांडणाऱ्याचे अडखळणे फार सफाईदार आहे. ‘काय बरे तो शब्द,’ असे म्हणून त्याने वर पाहिले तेव्हा तर मला व्यावसायिक कौतुक वाटले. निंब तोडला त्या आठवड्यात मी त्या वाटेने जाणे टाळले. इंग्रजी कोशात ‘प्रिपेअर’च्या विरुद्ध बाजूस हा प्रकार कोठे घालावा ते मला ठरविता आलेले नाही, तेथे जागा पुष्कळ आहे, पण हा मनुष्य त्या बाजूचा नव्हेच.

खरोखरीचे तयारी नसलेले भाषण मी एकदाच ऐकले आहे. ज्याच्या टेबलाला टेबल लावून मी नोकरीची अर्धी वर्षे काढली, ज्याच्या डब्यातील लसणाची चटणी मी हक्काने खाल्ली आणि ज्याने माझ्या भाषणांना एकदाही टाळी वाजविली नाही, असा माझा एक स्नेही वारला. कचेरीत शोकसभा झाली. माझे भाषण अर्थातच तयार होते. कंठ कोठे दाटून यावा, पाण्याचा पेला कोणत्या वाक्यानंतर उचलावा, सर्व ठरलेले होते. माझ्याआधी कोणाला सुचले देव जाणे, पण दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला साहेबांनी म्हटले, “तुम्हीही बोला दोन शब्द.” तो भांबावला. पुढे यावे की तेथूनच बोलावे हे त्याला कळेना. शेवटी तेथूनच, दाराच्या चौकटीला हात लावून, तो म्हणाला, “साहेब संध्याकाळी जाताना पंखा स्वतः बंद करून जायचे. ते काम माझं होतं. मला हाक नाही मारली त्यांनी कधी.” आणि तो बाहेरच निघून गेला.

त्या खोलीत त्या वेळी पंखा चालू होता. सगळ्यांनी वर पाहिले. छताकडे पाहण्याचा इतका सराव असलेला मी, मला मात्र वर पाहवेना. स्नेही गेल्याला तोवर चार दिवस झाले होते, मी त्याला खांदाही दिला होता. तो गेला हे मला कळले ते त्या घटकेला. आणि त्याच्याच पाठोपाठ, लाज सोडून सांगतो, दुसरी भावना जी मनात आली ती निखळ मत्सराची होती. मला पुकारण्यात आले. मी उठलो, दाटून येण्याच्या जागा सर्व वगळल्या, आणि कोणालाही आठवणार नाही असे काहीतरी बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मी त्या शिपायाला गाठले आणि आडवळणाने विचारले की, ते बोलणे घरी मनाशी ठरवून आला होता काय. “बोललो ते का?” तो म्हणाला. “काय बोललो, आता आठवत पण नाही बघा. चुकलं का काही?” नाही म्हणून मी त्याच्या चहाचे पैसे दिले, घरी आलो, कुलूप काढले आणि त्याची ती तीन वाक्ये वहीत जशीच्या तशी, तारीख घालून, उतरून घेतली. शेरिडननेही हेच केले असते.

वहीतील वस्तू वहीत राहत नाही. गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावचे एक वयोवृद्ध अध्यापक निवर्तले आणि त्यांच्या शोकसभेत मला ‘दोन शब्द’ बोलण्यास सांगण्यात आले. मी काही तयारी करून आलेलो नव्हतो. थोडा अडखळलो, चष्मा काढला, छताकडे पाहिले आणि म्हणालो की, मला आत्ता, या क्षणी, एकच चित्र दिसते आहे: गुरुजी घराबाहेर पडताहेत, आणि उंबऱ्यावरून परत फिरून स्वतःच्या हाताने पंखा बंद करताहेत. सभागृह निःशब्द झाले. मागे कोणीतरी हुंदका दिला. निवृत्त मुख्याध्यापकांनी उपरणे डोळ्यांना लावले.

सभा संपल्यावर गुरुजींचे थोरले चिरंजीव मला भेटावयास आले. त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले, बराच वेळ धरून ठेवले, आणि मग संकोचाने म्हणाले, “काका, फार छान बोललात. पण एक सांगू? बाबांना दमा होता, पंख्याचं वारं त्यांना अजिबात सोसायचं नाही. आमच्या घरात पंखा कधी घेतलाच नाही.”

माझ्या वक्तृत्वाच्या आजवरच्या कारकिर्दीत आधी कोठेही न लिहिलेले, कोणत्याही बाहीवर न टिपलेले आणि कोणीही आडून न पुरविलेले असे वाक्य माझ्या तोंडून तेवढे त्या क्षणी बाहेर पडले.

“तेच म्हणतो मी,” मी म्हणालो, “पंखा घरात नसताना जो तो बंद करून जाई, इतका काटकसरी माणूस आता होणे नाही.”